गावच्या घरची डिश कौलांवरून उतरवून परसात लावायची आहे, सिग्नल नीट मिळेल का?

परसबाग :

नमस्कार मंडळी. गावचं घर राजापूर तालुक्यात, आईबाबा दोघंच असतात तिथे, मी डोंबिवलीला. घर कौलारू आहे आणि डिश पडवीच्या वरच्या कौलांवर, वाशाला क्लॅम्प मारून बसवलेली. डीडी फ्री डिश, ६० सेंटिमीटरची, दर महिन्याचा रिचार्ज नको म्हणून तीच ठेवलीय. बाबांना सह्याद्रीच्या बातम्या आणि आईला संध्याकाळच्या मालिका, एवढंच लागतं त्यांना.

यंदा गणपतीला गेले तर नुसत्या भुरभुर पावसातही चित्र चौकोन चौकोन होऊन अडकत होतं. आणि मला समजलं की बाबा अशा वेळी शिडी लावून ओल्या कौलांवर चढतात आणि डिश हाताने हलवून बघतात, वय ७४! ते ऐकल्यापासून जीव थाऱ्यावर नाही माझा. शेवाळलेल्या कौलांवरून पाय घसरला तर काय घ्या.

गावातल्या डिश लावणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला की समोर फणस वाढलाय, आता आणखी सहा फूट पाईप घालून वर न्यावी लागेल. मला नेमकं उलटं करायचंय, खाली आणायचीय, मागच्या परसात, जिथे उभं राहून हात पोचेल. पण खाली आणली की सिग्नल कमी होतो का? खांब कसा रोवायचा? तिथून टीव्हीपर्यंत केबल २५-२६ मीटर जाईल, चालेल का? फाउंडेशन, केबल, अँगल, ज्याला जे माहीत आहे ते कृपया सविस्तर लिहा, मी दोन दिवसांची सुट्टी काढून जाणार आहे.

टेरेसवाला :

ताई, तो माणूस बरोबर सांगतोय. डिश जेवढी उंच तेवढा सिग्नल चांगला, म्हणून तर सगळे टेरेसवर लावतात. आम्ही पुण्यात पाचव्या मजल्यावर लावलीय, कधी प्रॉब्लेम नाही.

ओळंबा :

टेरेसवाला, टेरेसवर चांगला मिळतो कारण तिथे समोर काही आडवं येत नाही, उंचीमुळे नाही. उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटरवर आहे, तिथे आपल्या दहा फुटांनी काय फरक पडणार. जुने यागी अँटेना होते, त्यांना टॉवरकडून जमिनीलगत सिग्नल यायचा, तेव्हा उंच बांबूला अर्थ होता. ती सवय लोकांच्या डोक्यातून गेली नाही अजून. डिशला फक्त एकच गोष्ट लागते, तिच्यापासून उपग्रहापर्यंत मोकळी रेषा. पान नको, फांदी नको, पत्रा नको. ती रेषा अंगणात मिळत असेल तर अंगण उत्तम.

मी चिपळूणला टीव्ही आणि डिशची कामं आयुष्यभर केली, आता बंद केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

फ्री डिश येते जीसॅट-१५ वरून, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. राजापूरहून तो दिसतो आग्नेयेला, किंबहुना आग्नेयेच्या किंचित पूर्वेकडे, होकायंत्रावर १२८ अंशांच्या आसपास. आणि क्षितिजापासून वर जवळजवळ ६० अंश. हा ६० चा आकडा लक्षात ठेवा ताई, तुमचं सगळं काम त्याच्यावर आहे. एवढ्या उभ्या कोनात सिग्नल येतोय म्हणजे समोरचं झाड फार लांब असायची गरज नाही. डिशच्या पातळीपासून झाड ३० फूट वर जात असेल तर ते साधारण १७-१८ फुटांवर असलं तरी रेषा वरून निघून जाते. पण झाड वाढतं आणि वाऱ्याने डुलतं, म्हणून २२ तरी धरा. ५० फुटी माड असेल आणि डिश जमिनीपासून पाच फुटांवर, तर २६ फूट हिशेबाने, आणि झावळ्यांचा पसारा वेगळा धरायचा.

डिश बघून फसू नका मात्र. आपल्या या छोट्या डिश ऑफसेट असतात, एलएनबी (दांड्याच्या टोकाला बसवलेला, सिग्नल पकडणारा डबा) खालून वर बघतो, त्यामुळे डिशचं तोंड जिकडे दिसतं त्याच्या वीस-पंचवीस अंश वरून सिग्नल येत असतो. लोक डिशच्या तोंडासमोर बघतात, म्हणतात समोर तर काहीच नाही, आणि फांदी असते वर.

गडगा :

+१. देवगडला आमच्या बागेत डिश जमिनीवरच आहे, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आतल्या बाजूला. २०२० मध्ये जूनच्या सुरुवातीला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि पुढच्या मे मध्ये तौक्ते, तौक्तेने आमच्या इकडे माड आडवे केले, वाडीतल्या कौलांवरच्या कितीतरी डिश कौलांसकट उडाल्या. आमची हलली पण नाही कारण गडग्याने वारा अडवला. वाऱ्याच्या बाबतीत खाली असणं फायद्याचंच आहे.

परसबाग :

ओळंबाकाका, मनापासून आभार, इतकं स्पष्ट कोणी सांगितलंच नव्हतं. परसात दोन जागा आहेत. एक विहिरीच्या बाजूला, तिथून आग्नेयेला फणसाचा शेंडा आणि पलीकडे शेजाऱ्यांचे दोन माड. दुसरी मागच्या गडग्याजवळ, तिथे जास्त मोकळं वाटतं पण केबल आणखी लांबते. नजरेने ६० अंश कसे ओळखायचे? मोबाईलवरचं ॲप टाकलं होतं तर ते दर वेळी वेगळी दिशा दाखवतं.

ओळंबा :

ॲप वाईट नाही पण मोबाईलमधलं होकायंत्र लोखंडाजवळ चुकतं. पत्रा, पाईप, पंपाची मोटर, गाडी, यांच्यापासून पाच-सहा पावलं लांब उभं राहा, मोबाईल हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवा, मग वाचा. मोबाईलला चुंबक असलेलं कव्हर असेल तर काढून ठेवा.

कोनासाठी सर्वात भरवशाचं साधन शाळेच्या कंपासपेटीत असतं, ३०-६०-९० चा गुण्या. जिथे डिश यायची तिथे स्टूल ठेवून त्या उंचीवर डोळा आणा. गुण्याची छोटी बाजू आडवी, लांब बाजू उभी धरा, उभ्या बाजूला दोरा आणि छोटा नट लटकवा म्हणजे ओळंबा झाला. दोरा बाजूला समांतर असला की तिरकी कड बरोबर ६० अंशात वर जाते. १२८ कडे तोंड करून त्या तिरक्या कडेवरून वर बघायचं, जणू नेम धरताय. जिथे नजर जाईल तिथे आकाशच दिसलं पाहिजे, आणि त्याच्या चहूबाजूला हाताची मूठ लांब धरल्यावर जेवढी झाकते तेवढं आकाश मोकळं हवं. पान दिसलं तर जागा बदला.

आणि तुम्ही सप्टेंबरच्या शेवटी जाताय असं असेल तर याहून पक्की खूण सूर्य देतो. वर्षातून दोनदा, मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबरच्या अखेरीस, काही दिवस सूर्य रोज थोडा वेळ बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा टीव्हीचं चित्र काही मिनिटं जातं, लोकांना वाटतं बॉक्स बिघडला. आपल्या भागात जीसॅट-१५ साठी ती वेळ मार्चमध्ये सकाळी सव्वाअकराच्या आसपास आणि सप्टेंबरअखेर अकराला पाच-दहा मिनिटं कमी असताना. त्या वेळी परसात जिथे ऊन पडलंय तिथून उपग्रह दिसतो आणि जिथे फणसाची सावली आहे तिथून दिसत नाही. गणित नाही, ॲप नाही. ३० सप्टेंबरच्या आगेमागे दोन-तीन दिवसांत ऊन असलं तर चुन्याने सावलीची कड आखून ठेवा.

कातळवाट :

वा!! हे सूर्याचं कुणी सांगितलं नव्हतं, इतकी वर्षं मार्चमध्ये चित्र गेलं की बॉक्स बंद-चालू करायचो आम्ही. आमच्या घरच्या मंडळींना हा धागा पाठवतोय.

टेरेसवाला :

काका, उंचीचं पटलं. एक विचारतो, हल्ली सगळं मोबाईलवर आणि इंटरनेटवर असतं, मग ही खटपट करण्यापेक्षा स्मार्ट टीव्ही का नको?

परसबाग :

घरात रेंज येते ती खिडकीच्या कट्ट्यावर, तीही एका कंपनीची. आणि वीज गेली की टॉवरपण थोड्या वेळात बसतो. डिशवर आकाशवाणीची केंद्रंपण लागतात, बाबा सकाळी तेच लावून ठेवतात. त्यामुळे डिशच.

गडगा :

खांबाचं मी लिहितो, बांधकाम माझा विषय.

आधी तुमच्या डिशच्या मागचा क्लॅम्प मोजा. क्लॅम्पच्या मापाचाच जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप घ्या, दुकानदार म्हणेल हा पण बसतो, नाही घ्यायचा, पाईप बारीक असला की नट कितीही आवळा, वाऱ्याने डिश गोल फिरते. जाड भिंतीचा घ्या, पातळ पाईप दोन पावसाळ्यांत जमिनीलगत गंजतो. खालच्या टोकापासून चार इंचावर आडवी सळी वेल्ड करून घ्या म्हणजे काँक्रीटमध्ये पाईप फिरणार नाही. वरच्या टोकाला टोपी लावा, नाहीतर आत पाणी जातं आणि मुंग्या नाहीतर गांधीलमाश्या घर करतात.

खड्डा दीड बाय दीड फूट, खोली दोन फूट. राजापूरकडे खाली जांभा लागेलच, लागला तर चांगलंच, पहारीने फोडून जेवढं जाईल तेवढं जा. अखंड कातळ लागला तर खोदत बसू नका, पाईपला खाली जाड प्लेट वेल्ड करून कातळात ड्रिल मारून चार अँकर बोल्ट घाला, तो खांब काँक्रीटपेक्षा भारी. काँक्रीट एकास दोनास चार. वरचा थर जमिनीच्या दोन इंच वर आणि बाहेरच्या बाजूला उतार, पाईपच्या बुडाशी पाणी थांबता कामा नये.

काँक्रीट ओलं असतानाच पाईप उभा आहे का ते दोन बाजूंनी बघायचं, समोरून आणि काटकोनात. एका बाजूने बघून भागत नाही. मग तीन बाजूंनी रीपा टेकवून बांधून ठेवा आणि सात दिवस रोज पाणी मारा. ताई, तुम्ही दोन दिवसांत खांब रोवून डिश चढवून परत यायचं म्हणत असाल तर ते जमणार नाही. खांब आधी गवंड्याकडून रोवून घ्या आणि डिश लावायला नंतर जा.

ओळंबा :

गडगा यांनी लाखमोलाचं सांगितलं. खांब ओळंब्यात नसेल तर डिशच्या मागच्या ब्रॅकेटवर जे अंश छापलेले असतात त्यांना काही अर्थ उरत नाही. डिश डावीउजवीकडे फिरवली की तिची उंचीपण बदलत जाते आणि माणूस दिवसभर सिग्नल शोधत बसतो. काम अडलेल्या घरी गेलो की मी डिशला हात लावायच्या आधी खांबाला ओळंबा लावायचो.

आता केबल. २५-३० मीटर काहीच नाही. चांगल्या आरजी-६ केबलमध्ये या फ्रिक्वेन्सीला १०० मीटरला वीसेक डेसिबल घट येते, म्हणजे तुमच्याकडे सहा-सात, तेवढी एलएनबी आरामात भरून काढतो. ॲम्प्लिफायर कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. मध्ये जोड मात्र एकही नको, सलग तुकडा आणा. आतली तार शुद्ध तांब्याची बघा, तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी स्वस्त मिळते, पण त्याच तारेतून बॉक्स एलएनबीला वीज पुरवतो, लांब अंतराला तांबं बरं. जमिनीखालून न्यायची तर पीव्हीसी पाईपमधून, उंदीर आणि घूस दोन्ही आहेत आपल्याकडे. झाडावरून लोंबकळत अजिबात नको, माकडं ओढतात.

सगळ्यात जास्त डिश बिघडतात त्या एलएनबीजवळच्या कनेक्टरमुळे. तुमची जुनी केबल काढाल तेव्हा तो कनेक्टर उघडून बघा, आतली तार हिरवी पडलेली आणि जाळीवर पांढरी भुकटी दिसली तर भुरभुर पावसात चित्र का जायचं त्याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. नवा एफ कनेक्टर लावताना जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकू द्यायचा नाही. वर रबरी टोपी, त्यावर ताणून गुंडाळायची स्वतःला चिकटणारी टेप, गुंडाळताना खालून वर, म्हणजे पाणी थराथरावरून ओघळून जातं. आणि केबल एलएनबीतून निघाली की तिला खाली एक झोल द्या, घरात शिरायच्या आधी आणखी एक. पाणी झोलाच्या तळाशी येऊन ठिबकतं, आत जात नाही.

कातळवाट :

विजेचं पण लिहा कुणीतरी. आमच्याकडे मे महिन्यातल्या वळवात एलएनबी आणि बॉक्स दोन्ही गेले होते.

ओळंबा :

हो, महत्त्वाचं. लोखंडी खांब घराच्या अर्थिंगला जाड तांब्याच्या तारेने जोडून घ्या, हे वायरमनकडूनच करून घ्या. पण जवळ वीज पडली तर कुठलंच अर्थिंग बॉक्स वाचवेल असं धरून चालू नका. गडगडायला लागलं की बॉक्सचा प्लग काढायचा आणि मागची डिशची केबलपण काढायची. ढग डोक्यावर आल्यावर नाही, लांबून आवाज आला तेव्हाच. आणि विजेच्या तारांखाली किंवा खांब पडला तर तारेला लागेल इतक्या जवळ डिश कधीच नको.

परसबाग :

अपडेट देते. ३० तारखेला सकाळी परसातच होते. आदल्या दिवशी ढग होते, त्या दिवशी लख्ख ऊन. अकराला दहा कमी असताना विहिरीजवळच्या जागेवर फणसाची सावली पूर्ण होती, आणि गडग्याजवळ ऊन, फणसाच्या सावलीची कड तिथून चांगली सात-आठ फूट अलीकडेच थांबलेली. त्याच वेळी आईला टीव्ही लावायला सांगितला होता तर आतून आवाज आला, गेलं गं चित्र. बाबा परसात उभे राहून वर हात धरून बघत होते, एकदम म्हणाले, म्हणजे तो आत्ता सूर्याच्या पुढ्यात आहे! बाबांनी स्वतःच चुना आणून कड आखली.

गुण्यानेपण ताडून बघितलं, गडग्याजवळून शेजाऱ्यांच्या माडाची एक झावळी कडेला येते पण रेषेत नाही. खड्ड्यात पावणेदोन फुटांवर जांभा लागला. गवंड्याने खांब रोवलाय, आई रोज पाणी घालतेय. डिश लावायला दसऱ्याच्या सुट्टीत जाते. आता प्रत्यक्ष सिग्नल पकडायचा कसा तेवढं सांगा काका, आणि त्या दुकानदाराने ९० सेंटिमीटरची डिश घ्या म्हटलंय, घेऊ का?

ओळंबा :

आधी ९० चं. ६० पेक्षा तिचं क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे साडेतीन डेसिबल जास्त सिग्नल. रोजच्या चित्रात काही फरक दिसणार नाही, डिजिटल आहे, एकदा पुरेसं मिळालं की पुरेसं. पण डिशचा सिग्नल ज्या केयू बँडमध्ये येतो, तिथे पावसाचे थेंब तो शोषतात आणि विखुरतात, कोकणातल्या जुलैत हे साडेतीन डेसिबल उपयोगी येतात, जे चित्र अर्धा तास जायचं ते पाच-दहा मिनिटं जाईल. ढगफुटीसारखा पाऊस असेल तर ९० चीपण जाते, हे आईबाबांना सांगून ठेवा. दुसरी बाजू अशी की मोठी डिश वारा जास्त धरते आणि तिचा झोत बारीक असतो, ६० चा साधारण तीन अंश, ९० चा दोन, म्हणजे अँगल जास्त काटेकोर लागतो. तुमचा खांब पक्का आहे, गडगा मागे आहे, मी असतो तर घेतली असती. पण आधी ६० चीच लावून बघा, नवा कनेक्टर आणि मोकळं आकाश मिळाल्यावर कदाचित गरजच वाटणार नाही.

आता पकडायचं. टीव्ही शक्य असेल तर परसात आणा, छोटा असला तरी चालेल, नाहीतर आईला टीव्हीसमोर बसवून फोन चालू ठेवा. बॉक्सच्या मेनूत एलएनबी ९७५०/१०६०० ठेवा, टीपी ११०९० व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील. स्ट्रेंग्थकडे बघू नका, एलएनबीला वीज मिळाली की ती अशीच वर जाते. क्वालिटी बघायची.

ब्रॅकेटवर उंची ६० ला लावून तो नट अर्धवट आवळा. १२८ च्या जरा डावीकडून सुरू करून डिश अंशभर सरकवा आणि दोन-तीन सेकंद थांबा, बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो, घाईने फिरवणाऱ्याच्या हातून तो निसटून जातो. नाही मिळाला तर उंची एक अंश बदलून परत तेच. शेजारीच ९१.५ आणि ९५ अंशांवर दुसरे उपग्रह आहेत, त्यामुळे काहीतरी लागल्यासारखं वाटेल, स्कॅन करून सह्याद्री येतोय का तेच बघा.

क्वालिटी आली की मग एलएनबी त्याच्या पकडीत थोडा थोडा फिरवायचा. राजापूरला तो सरळ उभा ठेवून चालत नाही, जवळजवळ ४८ अंश कलता लागतो आणि बरेच लावणारे इथेच काम अर्धवट सोडतात. डावीउजवीकडे फिरवून जिथे पट्टी सर्वात वर जाते तिथे आवळा. शेवटी मागचे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं केलं की डिश ओढली जाते. आवळताना नजर पट्टीवर. झालं की मार्करने क्लॅम्पवर आणि खांबावर मिळून एक रेघ मारा, उद्या कशाने फिरली तर बाबांना परत रेघ जुळवता येईल.

परसबाग :

लागली! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. ६० चीच, ९० आत्ता घेतली नाही. जुना कनेक्टर अगदी काकांनी लिहिलं तसाच निघाला, मधली तार हिरवीगार आणि चुटकीसरशी तुटली. उंचीचा कोन ब्रॅकेटवर ६१ च्या खुणेला बसला. क्वालिटी कौलांवर असताना ३५-४० च्या पुढे जात नव्हती, आता ७८ वर थांबलीय, एलएनबी फिरवल्यावरच ती ६० वरून एवढी चढली. त्याच रात्री परतीच्या पावसाची मोठी सर आली आणि चित्र हललं नाही. शिडी मी मामांच्या घरी पाठवून दिलीय.

गडगा :

छान झालं ताई. समोर केळी लावू नका फक्त, पटकन वाढतात आणि पानं बरोबर आडवी येतात. पावसाळ्यात रान काढत राहा.

संत्रानगरी :

धागा लय कामाचा आहे. भाऊ, नागपूरसाठी हेच आकडे चालतील का? आमचं घर हिंगण्याकडं, अंगणात मोठा कडुलिंब आहे.

ओळंबा :

उंची चालेल, नागपूरलाही ६० च्या आसपासच आहे, गुण्या तोच. दिशा मात्र वेगळी, नागपूर पूर्वेकडे असल्याने तिथून उपग्रह दक्षिणेकडे सरकतो, १४४-१४५ अंश धरा. एलएनबीचा कलपण कमी, ३२-३३. पुण्याला १३२ आणि पणजीला १२७, हेही लिहून ठेवतो, कोणीतरी विचारेलच. कडुलिंबासाठी मार्चमध्ये १०-१२ तारखेच्या आसपास सकाळी सव्वाअकराला अंगणात सावली कुठे पडते ते बघा. फांदी छाटायची असेल तर तेव्हाच नेमकी कुठली ते कळेल, उगाच अख्खं झाड नका तोडू.